अडकलेली झडप आणि आमचें मौन

एखादी वस्तु आपल्या हातीं असतां मोडली, तर ती आपणच मोडली असें म्हणावें काय? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु गेल्या डिसेंबरांत यॉर्कशायरमध्यें पुतण्याकडे राहिलों असतां त्यानें आमची स्वस्थता पार घालविली.

पुतण्याजवळ १९७१ सालची एम्. जी. बी. मोटार आहे. ॲबिंग्डनच्या कारखान्यांतून १९६२ पासून १९८० पर्यंत या मोटारी निघत असत. तिच्यांतील ऊबेची व्यवस्था साधी आहे. एंजिनांत तापलेलें पाणी एका झडपेंतून आंतल्या लहानशा रेडिएटरकडे जातें. झडप एंजिनाच्या मागल्या अंगास, आणि ती उघडणारें बटण चालकापुढें. दोहोंमध्यें दूत एकच: वेष्टणांतून सरकणारी पोलादी तार. या जातीच्या केबलीस बाऊडेन या गृहस्थाचें नांव आहे. त्यानें तिचें पेटंट १८९६ सालीं घेतलें. अशी तार ओढावयास बळकट, ढकलावयास मात्र वेष्टणाचा आधार असेल तेथवरच. वेष्टण संपल्यावर झडपेच्या दांड्यापर्यंत जो बोटभर भाग उघडा राहतो, तेथें ती वांकते.

त्या सकाळीं पुतण्या हातमोजे आणावयास घरांत गेला. कांचा धुक्यानें भरल्या होत्या. आम्हीं बटण फिरविलें, तें हलेना. म्हणून जोर केला. आंत कांहींतरी सैल झाल्यासारखें वाटलें, आणि बटण मुकाट्यानें फिरूं लागलें. आपण जिंकलों, असें क्षणभर वाटलेंही! ऊब मात्र आली नाहीं. पुतण्यानें येऊन बटण दोनदां फिरवून पाहिलें व म्हणाला, “काका, म्हाताऱ्यानें आक्टोबरांतच नवी केबल घातली होती. भिकार तार वापरलेली दिसते. आज त्याला विचारतोंच.” आम्ही गप्प बसलों.

तर्कशास्त्र शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यास मौनाची सबब शोधावयास वेळ लागत नाहीं. झडप उन्हाळाभर कोणी हलविली नव्हती; गंजानें आणि पाण्याच्या साक्यानें ती आधींच धरली असणार. मग ज्याचा हात प्रथम पडेल, त्याच्या हातून तार वांकणारच. कुंभाराच्या गाढवानें माती वाहून आणली, तरी नैयायिक त्यास घटाचें कारण मानीत नाहींत; तें अन्यथासिद्ध. त्या गाढवाच्या पंक्तीस बसण्यास आम्ही त्या दिवशीं आनंदानें तयार होतों.

म्हाताऱ्या कारागिरानें वाद घातला नाहीं. त्यानें दांड्याकडील स्क्रू सैल करून तार सोडविली, आणि दोन्ही अंगें निरनिराळीं तपासलीं. तार वांकली होती, तरी वेष्टणांत सरकत होती. दांडा मात्र जागचा हलेना. दोष झडपेचा होता. म्हणजे आमचें अनुमान खरें ठरलें! एंजिन निवाल्यावर त्यानें कांहीं पाणी काढून घेतलें, झडप व तिच्याखालील गॅस्केट नवीं बसविलीं आणि वेष्टणांत तेल सोडलें. नवी तार घालून, बटण मिटलें कीं झडपही पुरती मिटते ना, हें त्यानें तीन वेळां पाहिलें. झडपेचे पैसे मागितले. तारेचे मात्र नको म्हणाला. तार त्यानेंच घातली होती, तेव्हां खोट आपल्या कामाची, असें त्यानें धरून चालविलें.

येथें आमचें सारें न्यायशास्त्र लंगडें पडलें. झडप अडकली होती हें सत्य. पण जोर कोणीं केला, हा प्रश्न त्यानें सुटत नव्हता. तो कोणी आम्हांस विचारलाच नव्हता, एवढ्यावरच आमचें निरपराधित्व उभें होतें. आणि आतां त्याचें मोल तो म्हातारा आपल्या खिशांतून देत होता.

“तार आम्हीं वांकविली,” आम्ही म्हणालों. इंग्रजींत हें वाक्य आमच्या कल्पनेपेक्षां पुष्कळच आंखूड निघालें. म्हाताऱ्यानें मान हलविली व तारेचे पैसे हिशेबांत धरले. पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें. सकाळीं म्हाताऱ्यास जें बोलावयाचें त्यानें ठरविलें होतें, त्यांतलें एक अक्षरही तो आम्हांस बोलला नाहीं. परततांना पायांशीं ऊब येत होती. कांचा स्वच्छ होत्या, आणि आम्ही दोघेही बराच वेळ त्यांतून बाहेर पाहत राहिलों.