बिनरजेची ड्युटी

फौजी पाय गमावून परतला तर दारव्ह्यापासून उमरखेडपर्यंत कुठलंही गाव त्याला उठून जागा देतं. डोक्याला मार लागून आलेल्याच्या वाट्याला ते येत नाही. तो चालतो, जेवतो, ओळखही देतो. मग पोळ्याच्या ढोलताशात कान दाबून बसतो, भर पंगतीत चिडतो, सकाळी घेतलेली गोळी दुपारी पुन्हा मागतो. लोक म्हणतात, ‘फौजी सटकला.’ कुणी दारूचं नाव घेतं.

कपाळामागचा मेंदू राग आवरतो, कामांचा क्रम लावतो. तिथे इजा झाली की स्वभावच पालटतो. स्फोटाचा दणका बसलेला असेल तर स्कॅनमध्ये काही दिसेलच असंही नाही. 8 जानेवारी 2020 रोजी इराणने इराकमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं डागली. आपलं कुणी जखमी नाही, असं अमेरिकेने आधी सांगितलं. पुढे शंभरावर सैनिकांच्या मेंदूला इजा झाल्याचं निदान झालं. एवढ्या बलाढ्य फौजेच्या लक्षात जे आलं नाही, ते पारावर बसलेल्यांना कसं कळावं?

कळतं ते घरातल्या बाईला. नोकरीत असताना जवानाला वर्षाकाठी दोन महिने रजा होती. तिच्या ड्युटीला रजाच नाही. गोळ्या, झटके, त्याचा राग, वावर, लेकरांची शाळा, सगळं तिच्याकडे.

सरकारने काहीच केलं नाही, असंही म्हणता येत नाही. शंभर टक्के अपंगत्वाच्या पेन्शनवर, वैद्यकीय मंडळाने शिफारस केली तर, ‘कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स’ मिळतो. नाव अवघड आहे, पण याच नावाने विचारावं लागतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातही काळजी घेणाऱ्यासाठीच्या भत्त्याचा उल्लेख आहे. पण चौकशीला यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं तर दिवसभर त्याच्याजवळ कोण बसणार? गाडं अडतं ते इथेच.

7 डिसेंबरला ध्वजदिनाच्या निधीत पैसे टाकावेतच. पण तुमच्या गावात असा फौजी असेल, तर या आठवड्यात एक दिवस त्याच्याजवळ बसा. हळू बोला, एका वेळी एकच गोष्ट विचारा, उत्तराला उशीर लागला तरी त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. आणि वहिनींना सकाळची यवतमाळची एसटी गाठू द्या.