रंगाची साक्ष

जुनी वस्तू नवी करणे आणि जुनी वस्तू नवी भासवणे या दोन क्रिया बाहेरून सारख्याच दिसतात. दोहोंना तोच रंग आणि तीच मेहनत लागते. मग नीतीच्या दृष्टीने त्यांच्यातील सीमारेषा कोठे आखावी? जुन्या मोटारींची इंजिने उजळणाऱ्या कारागिरांसमोर हा प्रश्न नित्य उभा राहतो, आणि त्यांच्या कामाकडे नीट पाहिले तर उत्तराची वाटही दिसते.

ब्रिटनमधील जॅग्वार कंपनीचे उदाहरण घेऊ. 1948 साली आलेल्या तिच्या एक्सके इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, तर सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे होते. पुढे या हेडचे निरनिराळे प्रकार निघाले आणि काहींना कारखान्यातच ओळखीचे रंग मिळाले. 1954 साली आलेल्या एक्सके 140 या गाडीसाठी जादा किमतीत मिळणारे, अधिक ताकद देणारे ‘सी’ प्रकारचे हेड लाल असे; ‘बी’ प्रकारचे फिकट निळे. तेथे रंग ही केवळ सजावट नव्हती, साक्ष होती. निळ्या हेडवर कोणी लाल रंग चढवला, तर ताकद तसूभरही वाढत नाही. रंग मात्र खोटे बोलू लागतो.

आता कामाची रीत पाहू. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. तो धातूचे रक्षण करतो, परंतु अशा पृष्ठभागावर रंग नीट टिकत नाही. म्हणून आधी तेल-ग्रीस पूर्ण काढावे लागते. कॉस्टिक सोडा येथे वर्ज्य, कारण तो धातूच खातो. काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून पृष्ठभाग स्वच्छ करतात. मात्र तेला-पाण्याचे मार्ग आधी बंद करावे लागतात, कारण आत राहिलेले मणी तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोहोचून ते खराब करतात. मग धातूला धरून राहणारा प्रायमर आणि त्यावर उष्णता सोसणाऱ्या रंगाचे पातळ हात. गॅस्केट बसते ती बाजू कोरीच ठेवतात.

या रंगकामाआधी सावध कारागीर एक वेगळाच रंग वापरतो. भेगेत शिरणारे लाल द्रव्य हेडवर लावून काही वेळाने तो ते पुसतो आणि वर पांढरा थर फवारतो. डोळ्यांना न दिसणारी भेग असल्यास तिच्यात दडलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. झाकणाऱ्या रंगाआधी उघड करणारा रंग, हा क्रम विचार करण्याजोगा आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात विक्रेत्याच्या कर्तव्याचा विचार केला. ग्राहकाला नुकसान किंवा धोका पोहोचवणारा दोष गुप्त असेल, तर तो सांगणे विक्रेत्याला बंधनकारक आहे. दोष उघड असेल आणि किंमत त्यानुसार कमी केलेली असेल, तर तो बोलून दाखवलाच पाहिजे असे नाही. त्यासाठी त्यांनी एका डोळ्याच्या घोड्याचा दाखला दिला. हा भेद रंगाला लावून पाहावा. हेडवरचा वेल्डिंगचा जोड किंवा क्षरणाचे खड्डे रंगापूर्वी उघड असतात. भरून, घासून रंगवले की तेच गुप्त होतात. जे ग्राहकाचे डोळे पाहू शकले असते, ते सांगण्याचा भार आता विक्रेत्याच्या जिभेवर येतो. “मी खोटे काहीच बोललो नाही” हा बचाव मग लंगडा पडतो, कारण त्याच्या वतीने रंग बोललेला असतो. भेगाळलेल्या हेडमधून पाणी तेलात उतरले, तर इंजिन निकामी होऊ शकते आणि एखाद्या कुटुंबाची साठवलेली पुंजी बुडते.

कोणी विचारील, गाडी विकायचीच नसेल तर? आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी रंगवले तर कोणाचे बिघडते? त्यात पाप शोधण्याचे कारण नाही. स्वच्छ, रंगवलेल्या इंजिनावर तेलाची गळतीही लवकर ध्यानी येते. परंतु वस्तू बहुधा मालकापेक्षा दीर्घायुषी असते. उद्या मुलगा तीच गाडी प्रामाणिकपणे विकील, आणि बापाने झाकलेले असत्य त्या निष्पाप मुखातून ग्राहकापर्यंत जाईल.

म्हणून सीमारेषा रंगाच्या डब्यात शोधू नये. काय जोडले, काय बदलले, मूळ रंग कोणता होता, हे एका वहीत लिहून ती वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. मग इंजिन हवे तितके चकाकू द्यावे. पुढच्या मालकाला सत्य कळण्याची वाट मोकळी असेल, तर त्या चकाकीत लपवाछपवी उरत नाही.