बसालेलाचे दुसरे दान

शास्त्रभाग : निर्गम ३५:३० ते ३६:७



निवासमंडपाच्या बांधणीचा हा भाग आपण पुष्कळदा वाचतो. तथापि त्यातील एक गोष्ट आपल्या दृष्टीतून निसटते. देवाने बसालेलास आपल्या आत्म्याने भरून सोने, रुपे, पितळ व लाकूड ह्यांवर काम करण्याचे ज्ञान दिले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु चौतिसाव्या वचनात मोशे सांगतो की, ही विद्या इतरांस शिकविण्याची बुद्धीही त्याच्या व अहलियाबाच्या ठायी देवानेच घातली. हात कुशल होणे हे एक दान, आणि ती कुशलता दुसऱ्याच्या हाती देणे हे दुसरे. अहलियाब तर दान वंशाचा. प्रवासात ज्यांचे निशाण सर्वांच्या मागून चाले, त्यांच्यातला.

आपला गोंदिया जिल्हाही महाराष्ट्राच्या पूर्व कडेस, शेवटी पडलेला. सालेकसा किंवा देवरीकडील एखाद्या टोल्यावरील जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो आणि भिंतीवरचे वेळापत्रक पाहिले, म्हणजे मला ह्या वचनाची आठवण होते. चित्रकलेचा व गायनाचा तास वेळापत्रकात असतो. पण पहिली ते पाचवीच्या शाळेत मुले साठापर्यंत असली, तर कायद्याच्या मापाने शिक्षक दोनच. पाच वर्ग त्या दोघांनी सांभाळावयाचे. मग चित्रकलेचा तास गणितात विरून जातो, आणि त्याबद्दल गुरुजींस दोष देणे अन्यायाचे होईल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. परंतु तो सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तोही जेथे मुले शंभराहून अधिक तेथे. आमच्या टोल्यांत शंभर मुले कोठून आणावी?

कोणी म्हणेल, "पाळकसाहेब, पोरांस धड वाचता येत नाही, आणि तुम्ही रंगपेट्यांच्या गोष्टी काय सांगता?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. वाचन आलेच पाहिजे. पण इस्राएल लोक रानात होते, पाण्यासाठी कुरकुरत होते, रोजचा मान्ना रोज वेचीत होते; अशा काळी देवाने त्यांच्यापाशी नक्षीचे पडदे मागितले. पोट भरल्यावर मग कला, असा क्रम त्याने ठेविला नाही. शिवाय ज्या लेकराच्या घरी गोंडी किंवा झाडीबोली बोलतात, त्यास पुस्तकातील मराठी पहिल्या दिवशी परकीच वाटते. तेच लेकरू खडूने बैलजोडी काढते, गाण्यात सूर मिळविते, आणि त्या वाटेने त्याची जीभ सुटते.

दुसरी शंका आपल्या उपदेशक बंधूंची आहे, व ती अधिक खोल आहे. दंडार, नाटक, ढोलकी ही जगाची कामे. ख्रिस्ती लेकरांनी त्यांत का पडावे? बंधूंनो, पूर्वीचा बत्तिसावा अध्याय काढा. ज्या लोकांनी कानांतील कुंडले देऊन सोन्याचे वासरू घडविले, तेच लोक पस्तिसाव्यात मंडपासाठी सोने आणतात. वासराचे पाप घडले, म्हणून देवाने कारागिरांचे हात बांधले नाहीत; त्याने त्याच हातांस काम दिले. धानकापणी उरकल्यावर आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते व रात्रभर नाटके होतात. त्यांत दारू व हुल्लड शिरते, हे मीही पाहिले आहे. पण त्याच रंगभूमीवर आयुष्य घालविलेल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे ह्यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. दारूचा निषेध अवश्य करा. ढोलकीने काय अपराध केला?

आणि आपण स्वतः ऋणी आहो. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने निघाले. गाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांस नवा करार वाचावयास दिला. तो लोहमार्ग आपल्या गोंदियावरूनच जातो. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे मराठी मंडळीस अभंग व कीर्तन लाभले. पण ती काव्यविद्या ते मंडळीत येऊन शिकले नव्हते. दुसऱ्यांच्या शाळांनी व गुरूंनी शिकविलेले घेऊन ते आले. तेव्हा "जिल्हा परिषदेची शाळा आपली नव्हे," हे बोलणे आपल्या तोंडी शोभत नाही.

ह्यास्तव माझी विनंती अशी. यंदाच्या पीकअर्पणातील काही पायल्या धान विकून त्या पैशाने कागद, रंग, एक ढोलक, जमल्यास जुनी पेटी दुरुस्त करून शाळेस द्यावी. ज्या भगिनीस रांगोळी वा सूपटोपली विणणे येते, तिने गुरुजींच्या संमतीने आठवड्यातून एक तास द्यावा. मंडपासाठी बकऱ्यांचे केस कातणाऱ्या स्त्रियांनी तरी दुसरे काय दिले होते? मात्र दानास अट लावू नये. सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, असे राज्यघटनेचे अठ्ठाविसावे कलम सांगते. तेथे आपली गीते शिकवावी असा आग्रह धरणे गैर आहे, आणि ढोलक फक्त आपल्या मुलांनी वाजवावी असे म्हणणे त्याहून गैर.

सरकारचे कर्तव्य आपण उचलून त्यास मोकळे करावे, असेही मला म्हणावयाचे नाही. शाळा व्यवस्थापन समितीत चारांपैकी तीन भाग पालक असतात, व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. त्या आराखड्यात कलेच्या तासासाठी शिक्षक व साहित्य ह्यांची मागणी लिहविणे पालकांच्या हाती आहे. आपल्यातील कितीजण त्या सभेस जातात? बहुतेक घरी निरोप येतो, आणि अंगठा वा सही मागाहून होते. वस्तू द्याल त्याही समितीच्या नावे देऊन दप्तरी नोंद करवावी, म्हणजे गुरुजींची बदली झाली तरी ढोलक शाळेतच राहील.

मोशेपाशी लोकांनी इतके आणले की, आता पुरे, अशी दवंडी छावणीत पिटवावी लागली. आमच्या मंडळीच्या कपाटात एक पेटी तीन वर्षे बंद पडून आहे. तिचा भाता फाटला आहे. ती दुरुस्तीस नेण्याचे एका बंधूने गेल्या रविवारी कबूल केले. समितीची पुढची सभा कधी, हे तुम्ही उद्याच शाळेत जाऊन विचारा.