पेटी, वाडी आणि वारसदार मुलगी

नोव्हेंबर 1997 मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरला एका बाईंच्या सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा आणि दागिने. सव्वा किलोहून जड असलेला हा मुखवटा गावच्या देवळात गेला आणि दर्शनाला रांगा लागल्या. मार्च 2012 मध्ये दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांचा जीव घेऊन तो पळवला आणि वितळवून टाकला. नोव्हेंबर 2021 मध्ये तिथे नवा मुखवटा बसवण्यात आला.

रायगडच्या किनाऱ्यावर धन सापडते, ते असे. पण दडवलेल्या वारशाची जी गोष्ट लोकांना हसवते, तिचा साचा वेगळा आहे. म्हातारा जाता जाता अर्धवट काहीतरी सांगून जातो, पुतणे-भाचे कुदळी घेऊन धावतात, आणि या धावपळीत नायकाची एखादीशी गाठ पडते. इल्फ आणि पेत्रोव या रशियन जोडीच्या 1928 सालच्या 'बारा खुर्च्या' या कादंबरीत सासूने खुर्चीत शिवलेल्या हिऱ्यांसाठी जावई देशभर वणवण करतो. 'नारबाची वाडी' हा 2013 सालचा मराठी चित्रपट मनोज मित्र यांच्या बंगाली नाटकावरून आला आणि कोकणात चपखल बसला. त्यात नारोबाच्या वाडीवर डोळा ठेवून खोत त्याच्या मरणाची वाट पाहतो आणि म्हातारा काही जात नाही. हाव माणसाला पळवते, त्यातून हसू फुटते. एकत्र पळणाऱ्यांत जीव जडतो, हेही खरेच.

खटकते ते पुढचे. अशा बहुतेक गोष्टींत मुलगी शोधाच्या बक्षिसात मोडते. हंडा सापडला की शेवटी तिचा हात. त्या हंड्यात तिचाही वाटा असेल, हे कोणाच्या मनातही येत नाही.

जमिनीत पुरलेल्या धनाबद्दल 1878 चा कायदा आजही आहे. सापडलेल्या ठेव्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आपल्या पूर्वजाने तो पुरला असे म्हणणाऱ्याला, पुरून शंभर वर्षे व्हायची आहेत हे पटवावे लागते. कोणी मालक ठरला नाही, आपसात करार नसला आणि सरकारनेही तो घेतला नाही, तर तीन चतुर्थांश ज्याला सापडला त्याला आणि उरलेला जमीनमालकाला.

पण अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडचा खरा दडलेला वारसा सातबाऱ्यात असतो. मांडव्याला 2020 पासून रो-रो लागते, जानेवारी 2024 पासून अटल सेतू आहे, आणि नारळ-सुपारीच्या वाडीकडे पाहण्याची मुंबईकर भावंडांची नजर पार बदलली आहे. पणजोबांच्या नावावर राहिलेला गट, कधीच न झालेली वारस नोंद, सापडत नसलेला फेरफार, सामाईक क्षेत्रात वीस-पंचवीस नावे. एकमेकांना लग्नकार्यातही न भेटलेले चुलते तलाठ्याच्या दारात भेटतात. मोजणीच्या दिवशी तर जत्राच! हद्द दाखवायला नेलेले काका ज्या माडाकडे बोट करतात, तो वादळात केव्हाच पडलेला असतो.

उताऱ्यावर भावांची नावे कब्जेदारांत आणि बहिणींची 'इतर हक्कात', अशी मांडणी जुन्या कागदांवर सर्रास दिसते. मग एक दिवस हक्कसोड पत्र पुढे येते आणि बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. त्या सहीला प्रेम म्हणण्याची रीत आहे. त्यात प्रेम असतेही, पण ते एकाच बाजूने मोजून घेतले जाते.

लग्न आणि जमीन यांची गाठ आपल्याकडे फार जुनी. मामाची मुलगी करण्याच्या चालीत जिव्हाळा होता, तसा जमिनीचा हिशेबही होता. कायद्यानेही ही गाठ चटकन सोडली नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे सख्ख्या बहिणींपैकी मे महिन्यात बोहल्यावर चढलेली बाहेर आणि डिसेंबरात चढलेली आत. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीने हा भेद गेला, आणि तेव्हा वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले.

मराठी नाटककारांनी आता हे कथानक हातात घ्यायला हवे. नागावची वाडी, मोजणीची नोटीस, लगतच्या गटातला तरुण आणि इकडे कब्जेदारांत नाव असलेली मुलगी. चुलते कुदळी घेऊन विहिरीमागे खणत राहोत. तिने जुने फेरफार भूमी अभिलेख कार्यालयातून आधीच काढून आणलेले असावेत. हद्दीवरून त्या तरुणाशी तिचे कडाक्याचे भांडण व्हावे, कागद पसरून दोघांनी रात्री जागवाव्यात, आणि लग्नाचा विषय निघाला की हक्कसोड पत्राचा विषय कोणीही काढू नये.