घ्यायचं चलन, ठेवायचं चलन

जून २०२४मध्ये एक बातमी मोबाइलवरून मोबाइलवर फिरत होती. सौदी अरेबिया आणि अमेरिकेतला पन्नास वर्षांचा 'पेट्रोडॉलर करार' संपला, आता डॉलरचे दिवस भरले, असं तिच्यात म्हटलं होतं. तेल फक्त डॉलरमध्येच विकायचं, असा पन्नास वर्षांच्या मुदतीचा करार मुळात नव्हताच. ८ जून १९७४ला झाला तो आर्थिक सहकार्यासाठी संयुक्त आयोग नेमण्याचा समझोता. अफवा विरली, पण तिच्यामागची समजूत जाणत्यांच्या लेखांतही अजून ठाण मांडून आहे: तेल डॉलरमध्ये विकलं जातं, म्हणून डॉलर मोठा.

आधी हिशेब पाहू. जगात रोज साधारण दहा कोटी पिंपं तेल लागतं. पिंपाला ८० डॉलर धरले तर ८०० कोटी डॉलर होतात. एप्रिल २०२२च्या पाहणीनुसार जगातल्या चलनबाजारांतली रोजची उलाढाल साडेसात लाख कोटी डॉलरची होती आणि त्यातल्या ८८ टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. तेलाचा वाटा हजारात एकाच्या आसपास. तेवढ्याच्या आधारावर हा डोलारा उभा आहे, हे मला पटत नाही.

आणि तेलामुळे चलन मोठं होत असेल, तर रुपयाचं काय झालं? कुवेत, बहरीन, कतार, दुबई, अबुधाबी, ओमान या सगळ्या भागांत आपला रुपया रोजच्या वापरात होता. कुवेतचं तेल १९४६पासून परदेशी जात होतं, तरी तिथल्या बाजारात मोड मिळायची ती रुपयाचीच. मुंबईशी असलेल्या जुन्या व्यापाराने तो तिथे नेला होता.

पुढे तस्करीचं सोनं आपल्या किनाऱ्यावर उतरू लागलं. त्यापोटी आखातात गेलेले रुपये बँकांमार्फत परत येत आणि रिझर्व्ह बँकेला त्यांच्या बदल्यात पौंड मोजावे लागत. म्हणून १९५९मध्ये सरकारने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. नक्षी आपल्याच नोटेची, रंग मात्र निराळा, क्रमांकाआधी 'झेड' अक्षर. ही नोट भारतातल्या बाजारात चालत नसे. देशाकडे परकीय चलनाची चणचण होती, त्यामुळे सरकारचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण दुबईच्या व्यापाऱ्याला त्या रंगातून जे कळायचं ते कळलं: आपला रुपया आणि मुंबईकराचा रुपया एक नाही. १९६१मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला. ६ जून १९६६ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलरचा भाव ४.७६वरून साडेसात रुपयांवर गेला, आणि कतार, दुबईनेही रुपया सोडला.

मला इथे एकच भेद महत्त्वाचा वाटतो. घ्यायचं चलन वेगळं, ठेवायचं चलन वेगळं. गरज असली की माणूस कुठलंही चलन घेतो. ठेवतो मात्र तेच, ज्यातून मनात येईल तेव्हा बाहेर पडता येतं. सौदींनीही तेलाचे डॉलर नुसते घेतले नाहीत, अमेरिकेचे सरकारी रोखे विकत घेऊन ते तिथेच ठेवले. ज्यांना चलनाची ताकद आरमारात दिसते त्यांनी १९४७चं ब्रिटन आठवावं. आरमार शाबूत होतं, पण १५ जुलैला पौंड डॉलरमध्ये बदलून द्यायला सुरुवात केली आणि पाच आठवड्यांत दार लावून घ्यावं लागलं. महायुद्धात आपण पुरवलेल्या मालापोटी साठलेले एक अब्जाहून अधिक पौंड तेव्हा लंडनमध्ये अडकून होते. चीनचा युआन जगाच्या गंगाजळीत दोन-तीन टक्क्यांपुढे सरकत नाही, तोही त्यातून मनात येईल तेव्हा बाहेर पडता येत नाही म्हणूनच.

डॉलरला धोका नाही असं नाही. २०२२मध्ये अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. कारण न्याय्य असेलही, पण ठेव ठेवणाऱ्याला 'तू कोण' असं विचारलं गेलं, आणि ते प्रत्येक मध्यवर्ती बँकेने पाहिलं. डॉलरचा धोका मी इथे शोधतो, रियाधमध्ये नाही.

राहिला आपला रुपया. जुलै २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयात परदेशी व्यापार करायची सोय केली, तेव्हा रुपया आता जागतिक होणार असं जोरात बोललं गेलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात, गोव्यातल्या बैठकीसाठी आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव यांनी सांगितलं की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरायचे कसे हा प्रश्न आहे. रशियाने माल देऊन रुपये घेतले होते. ठेवायची त्याची इच्छा नव्हती आणि बाहेर काढायची वाट नव्हती.

भांडवलावरचे निर्बंध आज एकदम उठवावेत असं मला वाटत नाही. तो धोका आपल्याला झेपणारा नाही. पण मग बोलणंही तेवढंच असावं. रुपयातला व्यापार थोडा वाढला, एवढं म्हणावं. परक्याला त्याचा रुपया हवा तेव्हा हव्या त्या चलनात नेता येत नाही, तोवर रुपया जागतिक झाला असं कृपा करून कुणी म्हणू नये.