अंगावर पाजणे आणि अंगावर काढणे

मराठीत बाळंतीण मुलाला अंगावर पाजते आणि दुखणेही अंगावरच काढते. या दोन वाक्प्रयोगांच्या शेजारातून अशी समजूत रुजली आहे की तान्ह्याच्या आईने स्तनातील गळू असो वा पित्ताशयातील खडे, शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, कारण त्या काळात तिचा देह तिचा उरत नाही. ही समजूत त्यागाच्या नावाने वावरते, म्हणूनच ती धर्मविचाराच्या कसोटीवर घासून पाहणे आवश्यक ठरते.

दुखणे अंगावर काढण्याचे मोजमाप महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यात झाले आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातील दोन गावांत केलेल्या आणि 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 650 स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, परंतु त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. एवढ्या मोठ्या मौनाला सहनशीलतेचा गुण म्हणणे हा अन्यायच होय.

सुश्रुतसंहितेत स्तन्य, म्हणजे आईचे दूध, वाहण्याचे कारण अपत्याविषयीचा अखंड स्नेह असे सांगितले असून क्रोध आणि शोक यांनी ते आटते असेही म्हटले आहे. दुधाचे मूळ सोसण्यात नसून स्नेहात असेल, तर स्नेह करणारा देह वेदनेतून सोडवणे हे दुधाचेच रक्षण ठरते. शिवाय संकटकाळी नेहमीचा नियम शिथिल करणारा जो आपद्धर्म परंपरेने मानला, तो आईला लागू होत नाही असे कोठे म्हटले आहे?

भुलीची औषधे रक्तातून दुधात उतरतात हे खरे, पण बहुतेकांचे प्रमाण अत्यल्प असते. त्यामुळे मूल पूर्ण दिवसांचे व निरोगी असेल, तर आई पूर्ण शुद्धीवर येऊन त्याला नीट धरू शकली की सहसा पाजता येते आणि आधीचे दूध पिळून टाकावे लागत नाही. कोडीन व ट्रॅमाडॉल ही वेदनाशामके मात्र टाळली जातात, कारण काही स्त्रियांच्या शरीरात त्यांचे रूपांतर फार वेगाने होते आणि तान्ह्याचा श्वास मंदावू शकतो.

मग उरतो तो शस्त्रक्रियेपुरत्या मायलेकरांच्या विरहाचा प्रश्न, आणि तो एकट्या आईचा नाही. डॉ. बंग यांच्याच, 1986 मध्ये स्थापन झालेल्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीजवळच्या शोधग्राम या आपल्या वसाहतीतील रुग्णालय आदिवासींशी बोलून त्यांच्या गावासारखे बांधले, त्याला त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे, नाव दिले आणि रुग्णाबरोबर नातलगांनाही राहता येईल अशा झोपड्या उभारल्या. अशा झोपडीत आजी असली, तर आईला शस्त्रक्रियेला नेण्यापूर्वी पोटभर पाजलेले मूल आजीच्या मांडीवर झोपू शकते आणि आई शुद्धीवर येताच पुन्हा तिच्या कुशीत जाऊ शकते.