मनीने कुठेही सही केलेली नाही

भाजे गावातल्या आमच्या घरी आजवर पाच-सहा मांजरी होऊन गेल्या आणि सगळ्यांचं नाव मनी. आमच्याकडे मनी हे नाव नाही, पद आहे. एक गेली की काही महिन्यांत दुसरी कुठून तरी येते, चुलीपाशी बसते आणि पदभार स्वीकारते. म्हशीला स्वतःचं नाव असतं. कुत्र्याला नाव असतं, पण उंबऱ्याच्या आत यायची परवानगी नसते. कोंबड्यांना नावं नसतात आणि त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणजे एकाच घरात चार प्रकारचे प्राणी चार वेगवेगळ्या अटींवर राहतात. या अटी कुणी बसून ठरवलेल्या नाहीत. घर आहे तसं चालू असतं तोवर त्यांचा विचारही कुणी करत नाही. घर बदलायला निघालं की प्रश्न उभा राहतो.

आमचं घर आता बदलणार आहे. आजी आणि आई-वडील पावसाळ्यानंतर माझ्याकडे रावेतच्या फ्लॅटवर राहायला येताहेत. गावातलं घर पर्यटकांना भाड्याने द्यायचा विचार आहे. लेणी, लोहगड, विसापूर आणि पावसाळ्यातले धबधबे यांच्यामुळे शनिवार-रविवारी मळवली स्टेशनपासून जी रीघ लागते, ती बघता विचार चुकीचा नाही. म्हैस चुलत्यांकडे जाईल. कुत्रा दोन वर्षांपूर्वी म्हातारा होऊन गेला. कोंबड्यांचा प्रश्न नेहमीसारखाच सुटेल. उरली मनी. ती नऊ वर्षांची आहे. वडिलांचं म्हणणं एका वाक्यात संपतं : "मांजर घराचं असतं, माणसाचं नसतं. राहील ती."

वाक्यात तथ्य आहे. मांजर आपल्या जागेला फार धरून असते. पण तिला कुठे आवडेल हा एक प्रश्न झाला आणि आपण तिचं काय लागतो हा दुसरा. मला दुसऱ्याचं उत्तर हवं आहे.

सोपं उत्तर आहे प्रेम. आपलं प्रेम आहे, म्हणून आपण काळजी घ्यायची. माझा या उत्तरावर विश्वास नाही. प्रेम कमी-जास्त होतं. पिल्लू असताना मनीचे पन्नास व्हिडिओ निघाले, आता दात पडलेल्या, अंगाला वास येणाऱ्या मनीचा एकही निघत नाही. जबाबदारी प्रेमावर टांगली तर प्रेम ओसरलं की तीही संपली.

दुसरं उत्तर उपयोगाचं. बैल नांगर ओढतो म्हणून त्याला पोळ्याला पुरणपोळी. मांजर उंदीर मारते म्हणून तिला दूध-भात. पण मग ज्या दिवशी बैलाच्या जागी पॉवर टिलर आला, त्या दिवशी आपलं देणं फिटलं असं म्हणावं लागेल. ते म्हणायला बहुतेकांची जीभ रेटत नाही.

मला तिसरी गोष्ट महत्त्वाची वाटते : तो जीव आपल्यावर किती अवलंबून आहे, आणि त्याला तसं कुणी केलं.

मांजर माणसाकडे आली ती धान्यामुळे. माणूस शेती करून धान्य साठवायला लागला, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे रानमांजरं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेली सापडली. २००४ साली हा शोध जाहीर झाला. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे ती कुणीतरी बोटीतून नेलेली असणार. तरीही कुत्र्याला किंवा गाईला माणसाने जितकं बदललं, तितकं मांजरीला बदललं नाही. ती शेजारीण म्हणून राहिली. तिचं पोट तिच्याच हातात होतं.

आमच्या जुन्या कौलारू घरात हा व्यवहार दिसायचा. भाताची कणगी, माळ्यावर उंदीर, कौलांमधून यायला-जायला वाट. आजी ताटलीत दूध-भात घालायची, पण तो वरखर्च होता, पगार नव्हता. याला विज्ञानाचाही आधार आहे. मांजरीला टॉरिन नावाचा घटक लागतो. तो मांसात असतो आणि तिचं शरीर तो पुरेसा बनवू शकत नाही. तो कमी पडला तर डोळे जातात आणि हृदय कमकुवत होतं. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये स्पष्ट झाला. दूध-भातात टॉरिन जवळपास नसतंच. आजीच्या दूध-भातावर आमच्या मनी जगल्या नाहीत. त्या उंदरांवर जगल्या, दूध-भात गोडीचा होता.

मग आम्ही स्लॅबचं घर बांधलं. कणगी गेली, झाकणाचा ड्रम आला. खिडक्यांना स्लायडिंग आणि जाळ्या लागल्या. उंदीर कमी झाले. उरलेल्यांसाठी दुकानातून औषध आणायची सोय झाली, आणि विष खाल्लेला उंदीर मांजरीलाही घातक, म्हणून तिला शिकारीपासून हाकलणं आलं. यातला प्रत्येक बदल आमच्या सोयीचा होता, एकही मनीच्या विरोधात केलेला नव्हता. पण सगळे मिळून तिची कमाई बंद झाली. आज ती पाकिटातलं खाणं खाते आणि ते पाकीट मी आणतो.

मी ज्या धंद्यात आहे तिथे अटी बदलल्या की निदान स्क्रीनवर एक खिडकी उघडते. कुणी वाचत नाही, पण 'आय अॅग्री' दाबावं तरी लागतं. मनीच्या अटी आम्ही घर बांधताना बदलल्या. तिने कुठेही सही केलेली नाही. म्हणून "मांजर घराचं असतं" हे वाक्य मला अपुरं वाटतं. ज्या घराची ती होती ते घर आम्हीच पाडलं.

मराठीत आपण मांजर 'पाळतो'. शब्दही पाळतो, नियम पाळतो, पथ्य पाळतो. क्रियापद एकच. मला वाटतं, भाषेने इथे आपल्याला बरोबर पकडलं आहे. एखाद्या जिवाला आपल्यावर अवलंबून करणं म्हणजेच शब्द देणं. तो तोंडाने दिलेला नसला, समोरच्याला कळलेला नसला, तरी दिलेलाच असतो.

प्रत्येक मदतीत असा शब्द नसतो. तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींच्या आश्रयाला आलेल्या सशाची गोष्ट आहे. मागे शिकारी आणि कुत्री लागलेली. स्वामी त्याला वाचवतात आणि धोका टळल्यावर जाऊ देतात. ससा आला तसाच, स्वतःच्या पायांवर, रानात परत जाऊ शकत होता. आश्रय देणं आणि पाळणं यात हा फरक आहे : पाळलेल्याची परतीची वाट आपण बंद केलेली असते.

लेण्यांच्या वाटेवरची कुत्री बघा. शनिवार-रविवारी प्रत्येक जण एखादं ग्लुकोज बिस्कीट टाकतो. टाकणारा चांगलाच माणूस असतो. पण हजार लोकांच्या एकेका बिस्किटावर त्यांचा आठवडा उभा राहतो आणि सोमवारी वाटेवर कुणी नसतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर महिनोन्‌महिने कुणी नव्हतं. कुणीच शब्द दिला नाही आणि तरी कुत्री अवलंबून झाली, हा आमच्या गावाचा आजचा प्रश्न आहे.

कायदा या बाबतीत बोलतो, पण हळू आवाजात. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानुसार, प्राण्याला उपासमारीचा त्रास होईल अशा स्थितीत सबळ कारणाशिवाय सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला कायद्यात लिहिलेला दंड १० ते ५० रुपये. मळवलीच्या फाट्यावर दोन चहा आणि वडापावाच्या प्लेटला याहून जास्त लागतात.

या सगळ्यावर सर्वांत जड प्रश्न मला आजीने विचारला होता. तीन वर्षांपूर्वी मनीची नसबंदी करायला तिला तळेगावला नेत होतो, तेव्हा आजी म्हणाली, "तिचं आईपण काढून घ्यायचा तुला काय अधिकार रे?"

अधिकार नाही. हे मान्यच करायला हवं. पण मांजर वर्षात दोन-तीनदा विते आणि ती पिल्लं ठेवायला घरं उरलेली नाहीत. पूर्वी काय व्हायचं ते आजीलाही माहीत आहे : गोणीत घालून लांबच्या वाडीवर किंवा बाजाराच्या गावी सोडून यायचं आणि मागे वळून बघायचं नाही. तोही निर्णयच होता, फक्त त्याचा परिणाम बघावा लागायचा नाही. सत्ता आपल्या हातात आलेली असताना "मी काही ठरवत नाही, तिचं नशीब" म्हणणं हा निर्णय टाळणं नसतं, नजर वळवणं असतं. आजीला हे पटलं नाही. पण मनी परत आली तेव्हा टाके भरेपर्यंत रात्री तिच्यापाशी आजीच बसली.

माझ्या या मोजमापात एक अडचण आहे, ती लपवत नाही. अवलंबून असण्यावरच देणं ठरत असेल, तर खुराड्यातली कोंबडी मनीपेक्षा कितीतरी जास्त अवलंबून आहे. तिला आपण नाव देत नाही, कारण नाव दिलं की शब्द दिल्यासारखं होईल आणि रविवार अवघड जाईल. मी अजून मटण-चिकन खातो. पण "कोंबडीचं वेगळं असतं" हे वाक्य मी आता वापरत नाही. ते वेगळं का असतं, हे मला सांगता येत नाही.

मनीचं मात्र ठरवायला हवं. फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. गॅलरीला जाळी लावता येईल, पण नऊ वर्षं अंगण, गोठा आणि आंब्याचं झाड ज्याचं आहे, त्या जिवाला दोन खोल्यांत आणणं माझ्या समाधानासाठी होईल. नुसतं "राहील ती" म्हणून सोडणं, म्हणजे दर शनिवारी बदलणाऱ्या पाहुण्यांच्या बिस्किटांवर सोडणं.

म्हणून घरात मी तीन अटी मांडल्या आहेत. मागची पडवी आणि गोठा भाड्यात द्यायचा नाही. चुलती दोन वेळा खाणं घालेल, त्याचा आणि डॉक्टरचा खर्च भाड्याच्या पैशांतून आधी वेगळा काढायचा. आणि पंधरा दिवसांनी कुणीतरी लोकल पकडून तिला बघून यायचं. ती खंगतेय असं दिसलं, तर जाळी लावून फ्लॅटवर.

वडील म्हणाले, "एका मांजरीसाठी एवढं?" मग भाड्याचा हिशेब लिहायला घेतलेल्या वहीत त्यांनी सर्वांत वर एक ओळ लिहिली : मनी, दरमहा. पुढचा आकडा अजून रिकामा आहे, कारण चुलती पैसे घ्यायला तयार नाही. ती घेईल असं बघावं लागेल. फुकटच्या कामाला खाडा पडू शकतो.